‘मागील बाकी’ नावाची ओळ: भाड्याच्या बिलातील चुका कशा शोधाव्यात आणि दुरुस्त करून घ्याव्यात

नेरुळमध्ये भाड्याच्या घरात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने गेल्या वर्षी जुलैच्या तीन तारखेला मला एका बिलाचा फोटो पाठवला. भाडे ठरले होते ३२,००० रुपये आणि बिलाच्या तळाशी आकडा होता ५५,६१०. घरमालक नाशिकला राहतात आणि घराची सगळी व्यवस्था त्यांनी एका व्यवस्थापन कंपनीकडे सोपवलेली आहे. तिने त्या कंपनीच्या कार्यालयात फोन केला तेव्हा पलीकडून उत्तर आले, “मॅडम, बिल सिस्टीमनेच काढलंय. आता भरून टाका, पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करू.” बोलणारा मुलगा अगदी नम्र होता आणि माझ्या मते त्याच्या मनात काही वाईटही नव्हते. तरीही त्याचा सल्ला मानू नये असे मी तिला सांगितले. का, ते समजण्यासाठी असे बिल मुळात कसे तयार होते हे आधी पाहावे लागेल.

ठाण्यात घोडबंदर रोडवर, नवी मुंबईत ऐरोली, नेरुळ, सीवूड्सला आणि पलीकडे खारघर-उलव्याला अशी असंख्य घरे आहेत ज्यांचे मालक त्या गावात राहत नाहीत. कोणी गुंतवणूक म्हणून घर घेतलेले असते, कोणाची बदली झालेली असते. अशा वेळी भाडेकरू शोधण्यापासून भाडे गोळा करण्यापर्यंतचे काम एक व्यवस्थापक करतो. त्याच्या बिलात निदान चार-पाच वेगवेगळी खाती एकत्र येतात: मालकाचे भाडे, सोसायटीचे देखभाल शुल्क, महावितरणचे वीजबिल, पाइप गॅसचे बिल, कधी महापालिकेचा कर आणि कधी व्यवस्थापकाचे स्वतःचे शुल्क. यांतील प्रत्येक खात्याचा कालावधी वेगळा, दर ठरवणारा वेगळा आणि पैसे देण्याची जबाबदारीही वेगळ्या माणसाची असते. हे सारे एका बेरजेत ओतले की चूक नेमकी कोणत्या खात्यात आहे ते दिसेनासे होते. म्हणून तळाच्या आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. बिल ओळीओळीने उघडावे लागते.

तिच्या बिलात सहा ओळी होत्या. जुलैचे भाडे ३२,०००, मागील बाकी ९,६००, विलंब शुल्क ४८०, सोसायटी देखभाल ४,१५०, वीज ३,६२०, आणि ‘१८ टक्के जीएसटी’ ५,७६०. यांतली पहिली ओळ तेवढी निर्विवाद होती. उरलेल्या पाचही ओळींत काही ना काही चुकलेले होते आणि प्रत्येक चूक वेगळ्या जातीची होती, हे त्या बिलाचे वैशिष्ट्य.

कराराची प्रत आधी हातात घ्या

बिलातली ओळ बरोबर की चूक हे व्यवस्थापकाच्या ॲपवरून ठरत नाही, नोंदणी झालेल्या लिव्ह अँड लायसन्स करारावरून ठरते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकलेली आहे. करार नोंदवलेला नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिले याबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा मिळेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ही तरतूद बऱ्याच भाडेकरूंना ठाऊक नसते आणि ‘ॲग्रीमेंट नंतर करू’ म्हणणाऱ्या व्यवस्थापकांना तर त्याहून कमी ठाऊक असते.

नोंदणी विभागाच्या ऑनलाइन पद्धतीने केलेल्या करारात एक ठरावीक मजकूर आपोआप येतो. त्यात कर, सोसायटीचे देखभाल शुल्क आणि बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः घरात राहत नसल्याबद्दल सोसायटी आकारते ते) मालकाने भरायचे आणि वापरलेल्या विजेचे बिल भाडेकरूने भरायचे, असे लिहिलेले असते. कोणी मुद्दाम बदलला नसेल, तर तोच मजकूर लागू होतो. मावसबहिणीच्या करारात तो जसाच्या तसा होता. म्हणजे ४,१५० रुपयांची सोसायटीची ओळ तिच्या बिलात येण्याचे कारणच नव्हते. आदल्या भाडेकरूशी वेगळे ठरले होते आणि त्याच्या खात्याची रचना नव्या खात्यात उचलून टाकली गेली होती, हे पुढे उघड झाले.

करार एजंटाच्या संगणकात आणि आपल्याकडे फक्त मोबाइलवर काढलेला धूसर फोटो, अशी स्थिती असेल तर आधी पूर्ण प्रत मागून घ्यावी. करार नोंदवण्याच्या खर्चाचीही त्याच वेळी एकदा पडताळणी करून टाकावी. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असते आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर वार्षिक १० टक्के व्याज गृहीत धरून ती रक्कमही भाड्यात मिळवली जाते. तिच्या बाबतीत ११ महिन्यांचे भाडे ३,५२,००० आणि एक लाख अनामतीवरचे ११ महिन्यांचे गृहीत व्याज ९,१६७ धरले, तर शुल्क साधारण ९०३ रुपये होते. वरच्या शंभरावर नेले तरी ते हजाराच्या पुढे जात नाही. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. यापलीकडे घेतले जाणारे पैसे बहुतांशी घरी येऊन अंगठे घेण्याच्या सेवेचे असतात. ती सेवा घेतली तर मोबदला द्यायलाच हवा, फक्त तो ‘सरकारी खर्च’ या नावाखाली दाखवला जाऊ नये.

मागील बाकी

आता सर्वांत त्रासदायक ओळीकडे येऊ. तिने घराचा ताबा १० जूनला घेतला. १० ते ३० जून असे २१ दिवस होतात. ३२,००० भागिले ३० गुणिले २१ म्हणजे २२,४०० रुपये, आणि तेवढे तिने ताबा घेतानाच भरले होते. पण खाते उघडणाऱ्याने सुरुवातीचा दिनांक १ जून टाकला. त्यामुळे संगणकाच्या लेखी जूनचे भाडे पूर्ण ३२,००० होते, आलेले २२,४०० होते आणि उरलेले ९,६०० ‘मागील बाकी’ होते. बाकी आहे म्हणून त्यावर पाच टक्के विलंब शुल्क, म्हणजे ४८०.

ही ओळ धोकादायक असते, कारण तिच्यात कारण लिहिलेले नसते, फक्त आकडा असतो. वीजबिलातली चूक युनिटवरून पकडता येते. मागील बाकीतली चूक मागच्या महिन्याच्या पोटात लपलेली असते आणि दर महिन्याला थोडे विलंब शुल्क खाऊन वाढत जाते. सहा महिन्यांनी तिचा उगम शोधणे व्यवस्थापकालाही जड जाते, कारण तोवर कार्यालयातला माणूस बदललेला असतो. म्हणून मागील बाकी असा शब्द बिलात पहिल्यांदा दिसेल त्याच महिन्यात पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा मागावा. उताऱ्यात किती तारखेला किती आकारले, किती तारखेला किती जमा झाले आणि ती जमा कशापोटी धरली, हे तिन्ही दिसले पाहिजे.

‘कशापोटी धरली’ हा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. समजा, भाडेकरूने जुलैचे भाडे म्हणून ३२,००० भरले. संगणक त्यातून आधी जुनी बाकी आणि विलंब शुल्क वळते करतो आणि मग म्हणतो की जुलैच्या भाड्यात १०,०८० कमी पडले. वादातली रक्कम अशा रीतीने भाडेकरूच्या नकळत वसूल होते आणि तो चालू भाड्याचा थकबाकीदार ठरतो. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये याबद्दल स्पष्ट नियम आहे. एकाच माणसाला अनेक वेगवेगळी देणी द्यायची असतील आणि पैसे देणाऱ्याने ते कशापोटी देत आहे हे देताना सांगितले असेल, तर पैसे स्वीकारणाऱ्याने ते त्याच देण्यात जमा केले पाहिजेत. हे कलम ५९. देणाऱ्याने काहीच सांगितले नाही, तर कलम ६० प्रमाणे घेणारा आपल्या मर्जीने ते कोणत्याही कायदेशीर देण्यात वळते करू शकतो. थोडक्यात, यूपीआयने पैसे पाठवताना ‘टीप’ नावाचा जो रकाना आपण रिकामा सोडतो, त्यात ‘जुलै भाडे’ असे दोन शब्द लिहिल्याने कलम ६० ऐवजी कलम ५९ आपल्या बाजूने उभे राहते. भाडे आणि वीज यांचे पैसेही एका रकमेत न पाठवता वेगवेगळे पाठवावेत.

यावरूनच ‘आता भरा, पुढे ॲडजस्ट करू’ या सल्ल्यातली अडचण लक्षात येईल. चुकून दिलेले पैसे परत करण्याचे बंधन त्याच कायद्याच्या कलम ७२ ने घेणाऱ्यावर घातलेले आहे, हे खरे. पण आपल्या खिशातले पैसे न देणे आणि दुसऱ्याच्या खिशात गेलेले पैसे परत आणणे यांत किती अंतर आहे, हे अनामत रकमेसाठी खेटे घातलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. उलट टोकाचा सल्लाही तितकाच वाईट. बिल चुकीचे आहे म्हणून सगळेच भाडे अडवून धरले, तर खरोखरची थकबाकी तयार होते, करारातली विलंबाची अट खरोखरच लागू होते आणि आपली बाजू कमकुवत होते. मान्य असलेली रक्कम नाव घालून वेळेवर भरायची आणि अमान्य रक्कम कारणासह लेखी अडवायची, हाच मला योग्य मार्ग वाटतो.

वीज: कालावधी, आकडा आणि टप्पा

ठाणे-नवी मुंबईच्या बहुतेक भागात वीज महावितरणची आहे. कळवा, मुंब्रा आणि शीळ भागात २०२० पासून वितरणाचे काम टोरंट पॉवरकडे आहे. बिल कोणाचेही असो, व्यवस्थापकाने मूळ बिलाची प्रत दिली पाहिजे, नुसता आकडा चालणार नाही. महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक मिळाला की बिल स्वतःही ऑनलाइन पाहता येते.

मावसबहिणीच्या ३,६२० रुपयांच्या बिलाचा कालावधी होता २२ मे ते २१ जून. मागील रीडिंग १४,२१०, चालू रीडिंग १४,५१२, वापर ३०२ युनिट. तिने १० जूनला ताबा घेताना दाराबाहेरच्या पॅनेलमधल्या मीटरचा फोटो काढून ठेवला होता आणि त्यावर १४,४३१ असा आकडा होता. म्हणजे तिचा वापर ८१ युनिटचा आणि उरलेले २२१ युनिट आधीच्या भाडेकरूचे व मधल्या रंगकामाचे. एकूण बिल भागिले एकूण युनिट गुणिले तिचे युनिट, असा हिशेब केल्यावर तिचा वाटा ९७१ रुपये निघाला. तो एक फोटो नसता तर दिवसांच्या प्रमाणात भागणी करावी लागली असती आणि त्यात तिचे नुकसान झाले असते. मीटरचा फोटो कुलूप उघडण्यापूर्वी काढावा, असे मी हल्ली सर्वांनाच सांगत असतो.

विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो: घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटला एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा आणि त्यापुढे चौथा. यातून दोन चुका वारंवार होतात. पहिली, एका घरात खोल्या वेगवेगळ्या देऊन आत छोटे मीटर बसवलेले असतात तेव्हा व्यवस्थापक प्रत्येक खोलीचे युनिट सरसकट वरच्या टप्प्याच्या दराने गुणतो. त्यामुळे सगळ्या खोल्यांची मिळून वसुली मूळ बिलापेक्षा जास्त भरते. ऐरोली-घणसोली पट्ट्यात एकत्र राहणाऱ्या नोकरदार मुलामुलींनी चारही खोल्यांची बिले एकदा बेरीज करून मूळ बिलाशी ताडून पाहावीत. दुसरी चूक वितरण कंपनीच्या पातळीवरची असते. एका महिन्यात रीडिंग न मिळाल्याने सरासरीने बिल निघते आणि पुढच्या महिन्यात दोन महिन्यांचे युनिट एकदम येतात. अशा वेळी टप्प्यांची मर्यादाही दोन महिन्यांची धरलेली आहे ना, एवढे पाहावे. नसेल तर तक्रार १९१२ या क्रमांकावर, ग्राहक क्रमांक देऊन करता येते. ही चूक व्यवस्थापकाची नसते, पण ती पकडून पुढे नेणे हे त्याचे कामच आहे.

बिल भरले नाही तर घराची वीज बंद करू, अशी धमकी कधी कधी दिली जाते. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी पुरवठा तोडण्याचा अधिकार वितरण परवानाधारकाचा आहे आणि त्यालाही आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. व्यवस्थापकाला हा अधिकार मिळत नाही.

सोसायटी, महापालिका आणि कर

सोसायटी फक्त आपल्या सभासदाला ओळखते आणि सभासद म्हणजे मालक. त्यामुळे भाडेकरूला सोसायटीच्या कार्यालयात जाऊन बिलाचा खुलासा मागता येत नाही. तो व्यवस्थापकाकडूनच मिळवावा लागतो. देखभाल शुल्क भाडेकरूने द्यायचे असे करारात खरोखर ठरलेले असेल, तर मूळ बिल मागून त्यातले तीन आकडे वेगळे काढावेत. पहिला बिनभोगवटा शुल्काचा: १ ऑगस्ट २००१ च्या राज्य शासनाच्या आदेशाने त्याची कमाल मर्यादा सेवा शुल्काच्या १० टक्के इतकी ठरवलेली आहे आणि महापालिकेचे कर त्या सेवा शुल्कात धरायचे नसतात. एकूण बिलाच्या दहा टक्के असा हिशेब दिसला तर तो चुकीचा आहे. दुसरा दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड यांचा: हे पैसे इमारतीच्या भविष्यासाठी असतात, म्हणजे इमारतीत ज्याची मालकी आहे त्याच्यासाठी, भाडेकरूने ते द्यावेत असे करारात स्पष्ट लिहिलेले नसेल तर मी ते देणार नाही. तिसरा मागील थकबाकीवरच्या व्याजाचा: सोसायटी ठरलेल्या मर्यादेपर्यंत सरळ व्याज आकारू शकते, पण मालकाने किंवा व्यवस्थापकाने उशीर केला त्याचे व्याज भाडेकरूच्या माथी येण्याचे काही कारण नाही.

मालमत्ता कराचेही तसेच. खारघर, कामोठे, कळंबोली भागात हा विषय जरा जास्त तापलेला असतो, कारण पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली आणि सिडको वसाहतींतल्या घरमालकांना मागच्या तारखेपासूनच्या कराची मोठी बिले आली. ती रक्कम ‘मनपा थकबाकी’ अशा मोघम नावाने मासिक बिलात उतरली, तर भाडेकरूने सरळ करारातले करासंबंधीचे कलम दाखवावे.

राहता राहिला जीएसटी. भाडेकरूची जीएसटी नोंदणी नसेल आणि घर राहण्यासाठी घेतले असेल, तर भाड्यावर जीएसटी नाही. १८ जुलै २०२२ पासून नोंदणीकृत भाडेकरूला १८ टक्के कर लागू झाला, पण तोही रिव्हर्स चार्ज पद्धतीने, म्हणजे भाडेकरूने स्वतः सरकारजमा करायचा; आणि १ जानेवारी २०२३ पासून, नोंदणी असलेला एकल व्यावसायिक वैयक्तिक नात्याने स्वतःच्या राहण्यासाठी घर घेत असेल तर त्यालाही सूट आहे. मावसबहीण शाळेत शिकवते. तिची नोंदणी असण्याचा प्रश्नच नव्हता. ५,७६० रुपये तिच्याकडून मागणे हे निव्वळ चुकीच्या खुणेचे फळ होते: तिचे खाते ‘निवासी’ऐवजी ‘व्यावसायिक’ म्हणून नोंदले गेले होते. व्यवस्थापकाच्या स्वतःच्या सेवाशुल्कावर १८ टक्के जीएसटी लागू शकतो, मात्र तो ज्याने त्याला नेमले त्याच्या बिलात आणि फक्त त्या शुल्कावर. पीजी किंवा को-लिव्हिंगमध्ये राहणाऱ्यांसाठी १५ जुलै २०२४ पासून वेगळी सूट आहे: दरमहा दरडोई २०,००० रुपयांपर्यंतचे निवास शुल्क, सलग किमान ९० दिवसांच्या मुक्कामासाठी, करमुक्त आहे.

घोडबंदरच्या मोठ्या घरांत आणखी एक प्रकार घडतो. दरमहा ५०,००० रुपयांहून जास्त भाडे देणाऱ्या व्यक्तीला भाड्यातून टीडीएस, म्हणजे मालकाच्या वतीने सरकारजमा करायचा प्राप्तिकर, कापावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर ५ वरून २ टक्के झाला. ६०,००० रुपये भाड्याच्या घरात वर्षाचे १४,४०० रुपये मार्चच्या भाड्यातून कापले जातात आणि व्यवस्थापकाच्या खात्यात ते ‘कमी आलेले भाडे’ म्हणून उभे राहतात. यावर उपाय वादाचा नाही, कागदाचा आहे: टीडीएस कपातीचे प्रमाणपत्र मालकाला आणि व्यवस्थापकाला दोघांनाही पाठवून ती रक्कम जमा धरायला लावावी. मालक अनिवासी भारतीय असेल तर पन्नास हजारांची मर्यादा लागू होत नाही आणि दरही वेगळा असतो, तेव्हा चार्टर्ड अकाउंटंटला विचारूनच कपात करावी.

काय लिहावे, कोणाला लिहावे

फोनवर बोलणे कामाचे असते, पण ते मागे उरत नाही. मावसबहिणीने त्याच संध्याकाळी ईमेल केला आणि मालकाला प्रत पाठवली. मजकूर असा होता:

“३ जुलैच्या बिलासंदर्भात. जुलैचे भाडे ३२,००० रु. आणि १० ते २१ जून या काळातील ८१ युनिट विजेचे ९७१ रु. आज दोन स्वतंत्र व्यवहारांनी भरले असून या रकमा फक्त याच बाबींसाठी आहेत. उरलेले २२,६३९ रु. मला मान्य नाहीत. प्रत्येक ओळीचे कारण खाली दिले आहे. करारातील संबंधित कलम, ताब्याची पावती आणि मीटरचा फोटो सोबत जोडला आहे. कृपया १० जूनपासूनचा खातेउतारा सात दिवसांत पाठवावा आणि दुरुस्त बिल द्यावे. वाद मिटेपर्यंत अमान्य रकमेवर विलंब शुल्क लावू नये.”

मालकाला प्रत पाठवण्यामागे चहाडीचा हेतू नाही. व्यवस्थापक हा मालकाचा प्रतिनिधी आहे आणि अधिकारात राहून प्रतिनिधीने केलेला व्यवहार मुख्य व्यक्तीवर बंधनकारक असतो. आपण व्यवस्थापकाला दिलेले भाडे मालकाला दिल्यासारखेच आहे आणि व्यवस्थापकाची चूकही अखेर मालकाच्याच दारात जाते. कित्येकदा मालकाला बिलात काय लागले आहे याचा पत्ताच नसतो. इथेही नाशिकहून मालकांचा फोन आला तेव्हा सोसायटीचे पैसे आपल्या भाड्यातून आधीच कापले जात आहेत, हे त्यांनीच सांगितले. एकच ४,१५० रुपये दोन्हीकडून वसूल होत होते.

जीएसटी आणि सोसायटीच्या ओळी दोन दिवसांत निघाल्या. वीजबिलाला आठवडा लागला. ‘मागील बाकी’ मात्र ऑगस्टच्या बिलात पुन्हा हजर झाली, सोबत नवे विलंब शुल्क घेऊन. जुलैचे बिल हाताने दुरुस्त केले होते, पण मुळातला १ जून हा दिनांक कोणी बदललाच नव्हता. म्हणून दुरुस्ती मागताना नुसते ‘बिल दुरुस्त करा’ म्हणू नये. चूक कोणत्या नोंदीमुळे होते ते विचारावे, ती नोंद बदलल्याचे लेखी घ्यावे आणि उताऱ्यात उलट नोंद होऊन बाकी शून्य दिसते का, ते पाहावे. यूपीआय ऑटोपेने भाडे जात असेल, तर तोवर ते ॲपमधूनच थांबवून हाताने भरणे बरे.

चूक आपल्या फायद्याची असेल तेव्हाही कळवावे. चांगुलपणाचा भाग वेगळा. पण कलम ७२ दोन्ही बाजूंना लागू आहे आणि कमी आकारलेली वीज अनामतीतून कापली जाते ती नेमकी घर सोडण्याच्या आठवड्यात.

लेखी पत्रव्यवहाराने प्रश्न सुटला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीचे शुल्क लागत नाही. भाडेकरूने व्यवस्थापकाला सेवेचे शुल्क स्वतः दिलेले असेल, तर ग्राहक म्हणून त्याची बाजू भक्कम असते. शुल्क मालकाने दिले असेल, तर तक्रारीत मालकालाही सोबत घेणे शहाणपणाचे. भाडे किती आणि ताबा कोणाचा, असा मूळ वाद मात्र ग्राहक आयोगाचा विषय नव्हे.

कराराची शेवटची तारीख आणि शेवटचे बिल

करार संपण्याच्या सुमारास दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावरही घर न सोडणाऱ्याला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. नूतनीकरण ठरलेले असते, व्यवस्थापकच तारीख देत नाही आणि त्याचाच संगणक दुप्पट दराने बिल काढतो, असा प्रकार यातून संभवतो. म्हणून मुदतीच्या महिनाभर आधी ‘करार पुढे चालू ठेवण्याची तयारी आहे, नोंदणीची तारीख कळवावी’ असे लेखी विचारून ठेवावे.

घर सोडायचे असेल तर अनामतीतून होणाऱ्या प्रत्येक कपातीला बिल किंवा पावती मागावी. अनामत मालकाच्या खात्यात गेली होती की व्यवस्थापकाच्या, हे आपल्या बँकेच्या नोंदीतून आधीच काढून ठेवावे, म्हणजे परतफेडीच्या वेळी दोघे एकमेकांकडे बोट दाखवत नाहीत. शेवटच्या महिन्याचे भाडे अनामतीतून वळते करण्याचे ठरत असेल तर तेही लेखी असावे, नाहीतर तीच रक्कम थकबाकी म्हणून पुढे येते. महानगर गॅसचे बिल दोन महिन्यांनी येते, त्यामुळे शेवटच्या वापराचे बिल आपण निघून गेल्यावर येणार हे गृहीत धरावे. मावसबहिणीने करार संपला त्या दिवशी, ९ मे रोजी, विजेच्या आणि गॅसच्या मीटरचे फोटो काढून व्यवस्थापकाला आणि मालकाला एकाच ईमेलमध्ये पाठवले. जूनमध्ये गॅसचे बिल आले तेव्हा तिचा वाटा त्या फोटोतल्या आकड्यापर्यंतच धरला गेला आणि उरलेली अनामत त्याच आठवड्यात तिच्या खात्यात जमा झाली.